टेकडीवरच्या आजी

माझी हाडं तिशीतच ठिसूळ होताहेत असं सांगून डॉक्टरांनी मला सकाळच्या उन्हात चालायला पाठवलं. म्हणून मी मुलुंडच्या टेकडीवर जाऊ लागले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पण हाडं कशी जपायची हे मला तिथे भेटणाऱ्या एका आजींनी शिकवलं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

सत्तरी ओलांडलेलं वय, सुती साडी, पायात पांढरे बूट. चढावर त्या पाऊल आधी टेकवून बघत, मगच भार देत. पदराच्या गाठीत भाजलेले तीळ असत. मलाही चिमूटभर देत, "चावून खा गं."

गेल्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून मुलाने त्यांना टेकडीवर यायला बंदी केली होती, तरी त्या येतच. एका सकाळी तो मागोमाग आला आणि त्याने त्यांचा हात धरला.

"आई, घरी चल. परत पडलीस म्हणजे?"

"मागच्या वेळी कुठे पडले होते रे मी?"

त्याने नजर चुकवली, तेव्हा त्याच पुढे म्हणाल्या,

"बाथरूममध्ये. तिथे जाणं बंद करू का?"

मला हसू आवरेना. तोही ओशाळला, पण हात सोडेना.

"डॉक्टर चाला म्हणालेत. यायचं तर सोबत ये, नाहीतर घरी जा."

बरं झालेलं ते मनगट त्यांनी त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं आणि त्या चढू लागल्या. क्षणभर थांबून तोही निघाला.

"सावकाश," मागे न बघता त्या म्हणाल्या. "चपलेत पाय घसरतो."