ठुशीची माती

चाची कुठंही बसायच्या आधी जमिनीवरून तळहात फिरवायची आणि तो उन्हात तिरका धरून बघायची. देवळाची पायरी असो, शाळेचा ओटा असो, नाहीतर माझ्या खोलीचा उंबरा. "सवय हाय, मास्तर," म्हणायची. "चमकलं तर माझं, न्हायतर तुमचं."

तुम्ही त्या काळी तुळजापूरच्या सोनार गल्लीत राहिला असाल तर तुम्हाला ती आठवेल. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही. सगळी गल्ली चाची म्हणायची, मीही म्हणायचो. ती झारेकरीण होती. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, शेगडीची राख, मोरीतला गाळ विकत घ्यायचा, तो धुवायचा आणि त्यातून डोळ्याला न दिसणारं सोनं काढायचं, हा तिच्या घराण्याचा धंदा. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं चालवला.

मी नुकताच बी.ए. होऊन हायस्कुलात लागलो होतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणाला सही येत नव्हती, त्यामुळं ती पदवी मी जरा उंच धरूनच चालायचो. चाचीनं एकदा विचारलं, "किती वर्सं लागली शिकाया?"

"चौदा-पंधरा."

"मंग मिळालं काय?"

"पदवी."

"वजनाला किती भरती?"

गल्ली आठवडाभर हसत होती.

माझी खोली आप्पा सोनारांच्या दुकानावर. दुकानाची पाटी मराठीत नव्यानं रंगवलेली, पण उन्हाळ्यात रंग तडकला की खालची उर्दू अक्षरं डोकवायची. आप्पांच्या मिशा मोठ्या होत्या. ते काम आटोपून उठले आणि चाची रस्त्यात असली, तर तिथूनच ओरडायची, "आप्पा, मिशा झाडा. माझं पोट अडकलंय तितं." आप्पाही निमूट पाटावर वाकून मिशा झाडायचे.

या धंद्याचा एक नियम होता. वर्षाची माती दिवाळीआधी ठरल्या भावानं द्यायची. मग तिच्यातून किती निघालं हे सोनारानं विचारायचं नाही आणि झारेकऱ्यानं सांगायचं नाही. कमी निघालं तर चाचीनं रडायचं नाही, जास्त निघालं तर सोनारानं. म्हणून ती गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर, आडोशाला बसून धुवायची. मला तो नियम चोरटा वाटायचा. धंदा करायचा तर उघड करावा, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवायचो.

एका चैत्रात तामलवाडीकडच्या एका वस्तीवरचे गुरव आणि चार माणसं आप्पांकडं आली. त्यांच्या देवीच्या जुन्या पुतळ्यांची माळ मोडून आप्पांनी ठुशी केली होती. घेतलेलं सोनं आणि ठुशी यांच्यात तीन गुंजांचा फरक पडला होता.

"तीन गुंजा हवेत उडाल्या व्हय?" गुरव म्हणाले.

"ठुशीचा एकेक मणी कानशीनं घासावा लागतो. कीस पडतो, गुरव."

"पडला तर दिसंल की."

"दिसत नाही म्हणून तर घट म्हणतात."

"घट गुंजभर धरू आमी. तीन न्हाय. परवा जत्रा हाय, आप्पा. लोक इचारतील. आमी सांगू, देवीचं सोनं सोनारानं खाल्लं."

आप्पा बसल्या जागी पांढरे पडले. देवीच्या गावात देवीचं सोनं खाल्ल्याचा बोभाटा झाला, तर त्या दुकानाची पायरी कोण चढणार होतं?

मी जिन्यावरून सगळं ऐकत होतो. देवाचं काम असलं की आप्पा आधी दुकान झाडून, सारवून घेत आणि ते संपेपर्यंत दुसरं काम हातात धरत नसत, हे मला ठाऊक होतं. ती माती दिवाळीपर्यंत थांबायचीही नाही. काम संपलं की चाची ती वेगळी विकत घ्यायची. म्हणजे ठुशीच्या दहा दिवसांची माती तिच्या झोपडीत एका पोत्यात बांधलेली होती आणि तिच्यात दुसरं सोनं नव्हतंच. मी खाली उतरलो आणि हे सगळ्यांना सांगितलं. वर म्हणालो, "उगाच शब्दावर शब्द कशाला? चाचीनं ती माती इथं, सगळ्यांसमोर धुवावी. पुरावा निघेल."

"मास्तर, तुम्ही गप बसा," आप्पा म्हणाले. मला त्याचा राग आला. मी त्यांनाच वाचवत होतो.

कुणीतरी चाचीला बोलावून आणलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. गुरवांबरोबरचा एकजण पुटपुटला, "देवीचं सोनं हिच्या हातानं?"

"माझ्याच हातात हाय ते, काम संपल्यापासनं," चाची म्हणाली. "तवा देवी काय बोलली न्हाय."

आप्पा म्हणाले, "चाची, नको. तुमचा धंदा उघड्यावर येईल."

"आप्पा चोर ठरले तर म्या चोराची माती घेतली. मंग म्या कोण?" तिनं पदर खोचला. "पाणी भरा. भरपूर लागंल."

तासाभरात तिनं दुकानासमोर पन्हळ उभी केली. आंब्याची लांब फळी, दोन बाजूंना पट्ट्या, आत आडव्या ठोकलेल्या बांबूच्या चिपा, ओंजळीच्या अंतरानं एक. एक टोक दगडांवर उंच, दुसरं घमेल्यात. उतार ती बोटांनी मोजत होती. एकदा चार बोटं ठेवला, पाणी सोडून बघितलं, मान हलवली, एक पातळ खापरी काढली, पुन्हा पाणी सोडलं. "पाण्यानं चालावं, पळू न्हाय. पळालं की बारीक सोनं घेऊन जातं."

चिपांखाली घोंगडी अंथरायची होती. तिच्याकडं धंद्याची जुनी घोंगडी होती, वर्षानुवर्षांचा कीस पिऊन जड झालेली. आप्पांचा मेव्हणा हळूच तिच्या कानाशी लागला, "तीच अंथरा की. तीनाच्या जागी पाच गुंजा निघतील, मिटलं."

"हौ, आणि मंग दोन गुंजा कुनाच्या?" ती मोठ्यानं म्हणाली. गुरवांनीही ऐकलं. तिनं स्वतःची पांघरायची घोंगडी आणली आणि सगळ्यांसमोर विळीवर धरून तिची पट्टी कापली.

माती कुटली, चाळली. तामलवाडीच्या माणसांनीच आडाचं पाणी शेंदलं. चाची मूठमूठ माती सोडत होती आणि वरून धार धरत होती, एकसारखी, मनगट न हलवता. गढूळ पाणी उतरून जायचं, चिपांमागं काळी रेघ राहायची. ऊन डोक्यावर आलं. आप्पांनी तिच्यासाठी छत्री आणली. "नक्को, सावलीत दिसत न्हाय," म्हणून तिनं ती परत पाठवली. माती संपायला तिसरा प्रहर उलटला. ती जागची हलली नव्हती.

रेघांतला गाळ तिनं लाकडी परातीत फिरवला, पारा घालून मळला, फडक्यातून पिळला. मग सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करून ती गोळी आप्पांच्या शेगडीवर ठेवली. पारा उडाला. उरला तो मोहरीएवढा मळकट दाणा.

दुकानात ग्रॅमची नवी वजनं आली होती, पण गुरवांनी गुंजाच मागितल्या. तराजूच्या एका पारड्यात दाणा, दुसऱ्यात लाल गुंजा. अडीच भरल्या.

"आन् अर्धी?" गुरव म्हणाले.

"घोंगडीनं धरली आसंल," म्हणत चाची पन्हळीशी वाकली. मग तिनं ती नवी पट्टी उपसली, पिळली, लोखंडी पाटीत ठेवली आणि पेटवली. लोकर जळाल्याचा वास गल्लीभर झाला. राख पुन्हा धुतली, पुन्हा पारा, पुन्हा शेगडी. या वेळी दाणा दिसेचना. तिनं तो ओल्या बोटानं उचलून पारड्यात ठेवला. अर्धी गुंज, केसभर कमी.

गुरवांनी टोपी काढली. "आप्पा, आमचं चुकलं."

माती विकलेली, म्हणजे सोनं चाचीचं. आप्पांनी दोन्ही दाणे तिच्या पुढं धरले. "देवीचंच हाय. वितळवून ठुशीलाच लावा," ती म्हणाली. गुरवांनी तिला नारळ दिला. तिनं तो कानाशी हलवून बघितला आणि म्हणाली, "पानी हाय. बरंय."

मी खूश होतो. पुरावा मागितला आणि पुरावा निघाला. गल्लीतला बाकीचा प्रत्येक सोनार मात्र आपल्या ओट्यावर उभा राहून त्या पाटीतल्या राखेकडं बघत होता. एकानं अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला सुरुवात केली होती. दहा दिवस, एक दुकान, तीन गुंजा. तर वर्षाच्या किती?

त्या दिवाळीला चाची नेहमीसारखी पोती घेऊन आली. "यंदा देत न्हाय, चाची." "आमीच धुतो आता." गल्लीच्या मागं, जवळजवळ प्रत्येक परसात, नवी पन्हळ होती. एकाच सुताराच्या हातची. फक्त आप्पांनी माती दिली, तीही भाव न करता. एका दुकानाच्या मातीवर माणसाचं वर्ष निघत नाही.

मी तिला गाठलं. "चाची, माझ्यामुळं झालं हे. मला ठाऊक नव्हतं."

पोत्याचं तोंड बांधता बांधता ती म्हणाली, "तुमाला ठाव नव्हतं, मास्तर. मला ठाव होतं."

पोतं डोक्यावर घेऊन ती गेली. पुढच्या दिवाळीआधीच ओढ्याजवळची झोपडी मोकळी पडली होती. सुट्टीत मी बार्शीच्या सोनारांत चौकशी केली, लातूरला केली. बार्शीत एकजण म्हणाला, अशी एक बाई येऊन माती विचारून गेली होती. पुढं कुठं गेली ते त्याला माहीत नव्हतं.

आप्पांनी मात्र नंतर माती कुणाला विकली नाही, स्वतःही धुतली नाही. दर दिवाळीला पोतं भरायचं, शिवायचं, मागच्या खोलीत भिंतीला लावायचं. गिऱ्हाईक भाव वाढवून आलं तरी म्हणायचे, "ती दिलेली आहे." आप्पा गेले तेव्हा सहा पोती होती. त्यांच्या मुलानं मला बोलावलं, खोलीचं दार उघडलं आणि विचारलं, "मास्तर, काय करू याचं?"

पुढच्या दिवाळीला गेलो तर तो ओट्यावर बसून सातवं पोतं शिवत होता.