खुर्चीबाईची चिठ्ठी

आज सकाळी देवापुढे बसले आणि नामाऐवजी हसूच येत राहिलं. देवा, क्षमा कर. पण काल सभागृहात जे झालं ते तूही पाहिलंच असशील.

माझी धाकटी जाऊ वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या लावते. सगळे तिला खुर्चीबाईच म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जाहीर चर्चा असते: गरीब-श्रीमंतांमधली दरी, कामगारांचे हक्क, बदलता समाज. दोनशे लोखंडी खुर्च्या आधी मांडायच्या, चर्चा संपली की मिटून भिंतीला लावायच्या. अकरा वर्षं दाराशी उभी राहून ती सगळं ऐकते. घरी येऊन वक्त्यांच्या अशा नकला करते की भावोजींना जेवता जेवता ठसका लागतो.

गेल्या महिन्यात तिचा खांदा धरला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले, "जमत नसेल तर दुसरं कुणी बघू, बाई." त्या दिवसापासून नकला बंद.

मला म्हणाली, "जाऊबाई, काम काय, दुसरं मिळेल. पण ऐकायला कुठे जाऊ?"

"अगं, प्रश्नांच्या चिठ्ठ्या तूच गोळा करतेस ना? एक तुझी टाक."

"बसलेल्यांनी विचारायचं असतं. मी उभी असते."

"असं कुठे लिहिलंय?"

काल मी मुद्दाम लवकर गेले आणि तिच्याऐवजी खुर्च्या मांडल्या. विषय होता श्रमाची प्रतिष्ठा. अध्यक्षांनी डब्यातून चिठ्ठी काढून वाचली: "प्रत्येकाने आपली खुर्ची येताना मांडली आणि जाताना भिंतीला लावली, तर माझं काम टिकेल. चालेल का? खुर्च्या लावणारी."

वक्ते खाकरले. "प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याला तीन पैलू आहेत..."

पहिला पैलू संपायच्या आत पुढच्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. "पैलू नंतर बघू!" खटकन खुर्ची मिटली. मग त्यांच्या शेजारचा शिंपी उठला, मग अख्खी रांग, मग सभागृहभर खटाखट. चर्चा अजून संपलेली नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही! दोनशे माणसं भिंतीशी उभी आणि वक्ते एकटे बसलेले. उरलेले दोन पैलू त्यांनी दोन मिनिटांत उरकले आणि स्वतःची खुर्ची उचलून खाली आले. "ही कुठे ठेवू?"

जाऊ कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, सगळ्यांनी उलट्या लावल्यात! पाठ भिंतीकडे हवी, नाहीतर धडाधड घसरतील. काढा परत!"

काढल्या हो! कार्यवाहांनीसुद्धा. घाम पुसत तेच म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी तुम्ही नुसतं सांगत चला. उचलायला आम्ही आहोत."

घरी आल्या आल्या जावेने 'तीन पैलू' करून दाखवले. भावोजींना असा ठसका लागला की पाणी आणायला मी धावत उठले, आणि हात आपोआप खुर्ची मिटायला गेला.