बऱ्या झालेल्या आरोपीबद्दलची सहा पत्रं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "निवृत्त झालात, बीपीची गोळी चालू आहे, आता सोडा की!" नाही सुटत. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड झेलला. त्यातल्या कशाचीच मला लाज वाटत नाही. या एका प्रकरणाची वाटते. नावं कुणाचीच लिहीत नाही, पण घडलं ते तसंच लिहितो.

नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत कांद्याचं मोठं मार्केट. सकाळी हजेरी झाली, ठाणे अंमलदाराचा चार्ज बदलला, मी डायरीवर सही करत होतो. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. तक्रारदार कसा उभा राहतो ते मला कळतं, हा तसा नव्हता. म्हणाला, "साहेब, मी नांदगावकडचा. सरकारी मनोरुग्णालयात परिचर हाय. सुट्टीवर घरी चाललो होतो, म्हटलं सांगून जावं."

"काय सांगून जावं?"

"तुमच्या ठाण्याचा एक आरोपी आमच्याकडं हाय. नऊ वर्षं झाली. बरा होऊनच सहा वर्षं झाली, साहेब. दरवर्षी तुम्हाला पत्र जातं, घेऊन जा म्हणून. कोणीच येत नाय. आता सातवं पत्र टायपिंगला गेलंय."

मी त्याच्यावरच खेकसलो. म्हटलं, असं होऊच शकत नाही, आमच्याकडे बारनिशीत प्रत्येक टपालाची नोंद होते. तो शांतपणे म्हणाला, "मग बघा की साहेब." आणि पाणीसुद्धा न पिता एसटी पकडायला गेला.

रेकॉर्ड काढलं. गुन्हा सापडला. मार्केटातल्या एका हमालानं हमालीच्या आकड्यानं एका व्यापाऱ्याच्या दंडावर वार केला होता. सहा टाके. अटकेनंतर कोठडीत तो भिंतीशी बोलायचा, कपडे फाडायचा. कोर्टानं तपासणी करवली. डॉक्टरांनी लिहिलं, याला आपल्यावर काय आरोप आहे हेच समजत नाही, हा बचाव करू शकत नाही. अशा माणसावर खटला चालवत नाहीत. खटला थांबवायचा, त्याला उपचाराला पाठवायचं आणि बरा झाला की परत आणून चालवायचा, हा कायदा. कायदा चांगलाच आहे. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा होती तीन वर्षं.

आणि हा नऊ वर्षं आत! डोक्यात तिडीक गेली. केसच्या कागदांत मनोरुग्णालयाचं एकही पत्र नव्हतं. बारनिशी सांभाळणाऱ्या हवालदाराला समोर बसवला. चौकशीत माणूस पहिल्यांदा काय सांगतो त्याला मी फार किंमत देत नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की त्यातलं काय बदलतं ते बघतो.

"पत्र आलंच नाही, साहेब," पहिलं उत्तर.

"आलं असेल तर केसला लावलं असेल," दुसरं.

तिसऱ्या वेळी तो घाम पुसत म्हणाला, "साहेब, मनोरुग्णालयाचं टपाल आम्ही वेगळ्या फाईलला लावतो. रस्त्यावर वेडसर, बेवारस माणसं सापडतात ना, कोर्टाच्या आदेशानं आपण पोहोचवून येतो, त्यांची फाईल. माझ्या आधीपासून तसंच चालत आलंय."

लाल नाडी बांधलेली ती जाडजूड फाईल त्यानं आणून ठेवली. बेवारस मनोरुग्ण. मनोरुग्णालयाचा शिक्का दिसला की टाक त्यात, आत काय लिहिलंय ते कोण वाचतो! गुन्हा नंबर लिहिलेली, आरोपीचं नाव लिहिलेली सहा पत्रं त्यात निघाली. 'सदर आरोपी बचाव करण्यास सक्षम आहे, न्यायालयात हजर करण्याची व्यवस्था व्हावी.' सहाही पत्रांवर प्रभारी अधिकाऱ्याचा शेरा होता, 'पाहिले. फाईल करावे.'

सहाव्या शेऱ्याखाली माझी सही होती.

हवालदार जमिनीकडे बघत होता. त्याला ते आधीच माहीत होतं, माझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. गेल्या वर्षी रोजच्या टपालाच्या गठ्ठ्यात मी ते पत्र न वाचता सही करून हातावेगळं केलं होतं.

मग मी फोनाफोनी केली, आणि या बोटावरची थुंकी त्या बोटावर कशी करतात ते पुन्हा एकदा पाहिलं. कोर्टात विचारलं, तर लिपिक म्हणाला, "केस सुप्त यादीत आहे. पोलिसांनी कळवल्याशिवाय फाईल वर येत नाही." मनोरुग्णालयाचे अधिकारी म्हणाले, "आम्ही पत्र दिलं, आमचं काम संपलं." मी म्हटलं, यावर सरकारची देखरेख असते ना? तपासणीला लोक येतात ना? ते म्हणाले, "येतात की. अहवालही दर सहा महिन्यांनी जातो." तो अहवाल मी नंतर पाहिला. एक रकाना, 'आरोपी सुरक्षित आहे काय?' उत्तर, 'होय.' माणूस बरा झालाय का, त्याला अजून इथे का ठेवलाय, याचा रकानाच नाही! तपासणीवाले यायचे, वॉर्डातल्या चादरी बघायचे, बाग बघायचे, चहा घेऊन जायचे. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा वर्षं झाली तरी थांबलेला माणूस कुणाला दिसला नाही.

मुख्यालयाकडे पार्टी मागितली, म्हणजे आरोपीला आणायला पोलीस पथक. उत्तर, "मंत्र्यांचा दौरा आहे, पुढच्या आठवड्यात बघू." मी म्हटलं, खड्ड्यात गेला दौरा. वरिष्ठांची परवानगी काढली आणि माझेच दोन शिपाई घेऊन स्वतः गेलो.

तो वॉर्डाच्या व्हरांड्यात गहू निवडत बसला होता. केस पांढरे झालेले. मला बघून उठला, हात जोडले. बोलणं अगदी स्वच्छ. म्हणाला, "साहेब, एक विचारू का? मला शिक्षा किती झाली?"

मी म्हटलं, "शिक्षा नाही झाली. तुझा खटलाच सुरू झाला नाही अजून."

"मला वाटलं जन्मठेप झाली," तो म्हणाला. मग सोबतच्यांचा निरोप घ्यायला आत गेला. मी तिथेच उभा राहिलो. शिव्या येत होत्या, पण द्यायच्या कुणाला? पहिली माझ्याच वाट्याला येत होती.

कोर्टात सरकारी खर्चानं मिळालेला वकील तरुण होता, पण हुशार. त्यानं त्याला समजावलं, "वार केला तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं असं सांगितलं, तर निर्दोष सुटशील, पण कोर्ट तुला परत तिथेच पाठवू शकतं. गुन्हा कबूल केलास तर आजच घरी." काय अजब न्याय आहे बघा! तो म्हणाला, "मारलं तर होतंच मी. त्या शेठला लागलं होतं." कोर्टानं एक वर्षाची शिक्षा दिली, ती कधीच भोगून झाली होती, आणि लगेच सोडायचा हुकूम केला. हे सगळं व्हायला अर्धा तास लागला. अर्ध्या तासाच्या कामासाठी त्याला सहा वर्षं बसवून ठेवला होता.

येवल्याहून त्याची बहीण आली होती. पैठणीच्या मागावर बसणारी बाई, कष्टाची, बोलायला चोख. ती वर्षातून दोनदा भावाला भेटायला जायची, आणि दर वेळी आमच्या ठाण्यात येऊन विचारायची. तिला उत्तर मिळायचं, "वरून आदेश यायचाय, बाई." वरून! कागद आमच्याच कपाटात होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "साहेब, पहिली तीन वर्षं तो लय आजारी होता. ती मी धरत नाय, दवापाणी झालं त्याचं. पण पुढची सहा वर्षं कुणी घेतली? आई त्याची वाट बघत गेली. ती वर्षं कुणाला मागू मी?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो जबाब घेतले. स्वतःचा पहिल्यांदाच दिला. म्हटलं, "ताई, त्यातलं एक वर्ष माझं आहे. पत्र माझ्यासमोर आलं होतं. मी न वाचता सही केली."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं. मग बाकीच्या पाचांची नावं सांगा."

मी सविस्तर अहवाल वर पाठवला. सहा पत्रं जोडली, सह्यांच्या नकला जोडल्या. माझी पहिली ठेवली आणि माझ्यावर कारवाई करावी असंही लिहिलं. एक वरिष्ठ म्हणाले, "निवृत्तीला वर्ष राहिलंय, ते पान काढून टाका." मी नाही काढलं. चौकशी झाली. निष्कर्ष आला, 'प्रशासकीय दिरंगाई. कोणा एका व्यक्तीस जबाबदार धरता येत नाही.' मला पूर्ण पेन्शन मिळाली.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. गुन्हेगार पकडणं सोपं असतं, कारण तो पळतो. आम्ही कुणी पळालो नाही. सगळे आपापल्या खुर्चीत बसून होतो, आणि म्हणून कुणीच सापडलो नाही. ती बाई अजून दर दिवाळीला मला फोन करते. भाऊ बरा आहे, मागासाठी रेशमाच्या कांड्या भरतो, असं सांगते. आणि फोन ठेवण्याआधी दर वेळी विचारते, "साहेब, ती पाच नावं?"