रुमालाखालचा हात

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला फसवलं. माझ्या हातावर म्हशीची देवी उठली होती आणि त्यानं रजिस्टरात गरमी हा गुप्तरोग लिहिला. चुकून नव्हे, स्वतःची सोय बघून.

मी हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी. लहानपणी उत्रोलीत लोकांची म्हसरं राखली आणि पुढं आपल्या अकलेवर धंद्याला लागलो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बाजूच्यांना काही कळत नाही. मी भडक डोक्याचा, तोंड उघडलं की भांडण. पण बोटं माझी थंड. रुमालाखाली मला कोणी हरवलं नव्हतं.

एकदा वेल्ह्याकडून दुभती म्हैस आणली. सडांवर फोड होते म्हणून स्वस्तात पडली. फोड वाळले की विकायची, असा बेत. गिऱ्हाइकाला दूध दाखवायला मी स्वतः धार काढायचो. थोड्याच दिवसांत माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर तसेच फोड आले, मध्ये खड्डा पडलेले. बाजाराच्या दिवशी जनावरं झाडाखाली बांधली आणि भोरच्या दवाखान्यात गेलो.

कंपाउंडरनं टेबलापलीकडूनच पाहिलं. "कशानं झालं?"

"म्हशीनं."

"म्हशीनं!" तो हसला. "सगळे असंच काहीतरी सांगतात." त्यानं रजिस्टरात लिहिलं आणि मलमपट्टीसाठी बाहेर बसायला सांगितलं.

तो खिडकीतून लोकांना रोगाच्या नावानं बोलवायचा. तापवाले या, खरजेवाले या. ओसरीवर अर्धा बाजार बसला होता. तेवढ्यात तो ओरडला, "गरमीवाला, उत्रोलीकर!"

त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण पाय आपोआप उठले आणि मी खिडकीशी गेलो. उठलो म्हणजे कबूल केलं, असंच सगळ्यांनी धरलं. बाहेरख्याली माणसाला होणारा तो रोग. मान खाली घालून पट्टी बांधून घेतली.

दुपारी एका बैलाच्या सौद्याला भोरचे चाचा आले. या म्हाताऱ्या व्यापाऱ्याशी माझे कितीतरी सौदे झाले होते. मी हात पुढं केला. त्यांनी केला नाही.

"आज तोंडानंच सांग की रं."

"का? रुमाल इसरला व्हय, चाचा?"

"रुमाल हाय. वाढवू नगंस, पोरा. घरात ल्हान लेकरं हाईत माज्या."

मी भाव तोंडानं सांगितला. माझा भाव पहिल्यांदाच साऱ्या बाजारानं ऐकला. मागून कोणीतरी म्हणालं, "मेथीची जुडी इकतोय जनू!" हशा झाला. मी शिव्या घातल्या, सौदा मोडला आणि बैल परत घरी आणला.

बायकोला काही बोललो नाही. पट्टी दिसू नये म्हणून जेवताना तिच्याकडं पाठ करून बसायचो. पण बातमी पाणवठ्यावर पोचलीच. एका सकाळी तिनं डोक्यावरची घागर उतरवली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"गरमी झालीया म्हनं तुमास्नी?"

मी पट्टीचा हात पाठीमागं घेतला.

"मंग मलाबी झाली म्हनायची!" तिनं हात पुढं केले. दोन्ही अंगठ्यांवर तसेच फोड, वाळत आलेले. घरची धार तीच काढायची. "अवो, म्हशीची देवी हाय ही. माज्या आयलाबी व्हायची. हळद लावली, बसली."

बाजारात बैलाचे दात मोजणारा मी. बायकोच्या हाताकडं माझी नजर गेली नव्हती. गरमीपेक्षा त्याचीच लाज मला जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं म्हैस सोडली. "चला. तिलाच दावू त्येला."

कासरा धरून ती पुढं आणि मी मागं, रस्त्यावरच्या माणसांच्या नजरा चुकवत. दवाखान्याच्या पायरीशी तिनं म्हैस उभी केली. कंपाउंडर बाहेर आला. त्यानं सड पाहिले, तिचे अंगठे पाहिले, माझी बोटं पाहिली.

"मला तेव्हाच शंका आली होती," तो हळू आवाजात म्हणाला.

"मंग लिव्हलं का न्हाई?"

"रोगांचे रकाने ठरलेले आहेत. देवी लिहिलं तर लगेच वर कळवावं लागतं, मग टोचणारे येतात, माझी पळापळ होते. इतर लिहिलं तर डॉक्टर खुलासा मागतात. गरमीबद्दल मला कोणी विचारत नाही."

"मला इचारत्यात की!"

"तक्ता वर गेला. आता खोडता येत नाही."

बायको म्हणाली, "लिव्हलेलं ऱ्हाऊ द्या. खिडकीतनं वरडा, तवा वरडला व्हता तसं."

तो आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

फोड यथावकाश बरे झाले. बाजारात लोक माझा हात पुन्हा धरू लागले, पण आधी हातांच्या मध्ये रुमालाची घडी ठेवून. चाचांनी तर शेवटपर्यंत तशीच ठेवली. घडीतून समोरच्याचं बोट दाबलं की कचरलं, ते कळत नाही. मी सौदे हरू लागलो आणि भांडू लागलो.

त्या कंपाउंडरची पुढं बदली झाली, डॉक्टरही गेले. खिडकी आहे, तिथं नवा माणूस बसतो. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ते माझ्या आधीचं. मग ज्याच्या वेळचं आहे तो कुठं आहे? दवाखानेवाल्यांनो, तुमचा रकाना खोडू नका. पण या माणसाला गरमी नव्हती, हे भरल्या बाजाराच्या दिवशी, त्याच खिडकीतून, तेवढ्याच मोठ्यानं कोण सांगणार? त्या माणसाला माझ्यापुढं उभा करा.