न वाचलेले होकार

जायफळ घातलेल्या कॉफीचा वास आला की मला अकोटा भागातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. शाळेतून निवृत्त झालेल्या आईने एका गुजराती कथासंग्रहाचा मराठी अनुवाद करून प्रकाशकाकडे पाठवला होता आणि उत्तर येत नाही म्हणून शेवटी फोन केला. "बाई, आम्ही दोनदा होकार कळवला. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं पुस्तक घेतलं," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. मी तिचा ईमेल उघडून पाहिला, तर साड्या, सहली आणि गुडघ्यांच्या तेलाच्या जाहिरातींखाली ते दोन्ही होकार गाडले गेले होते. शिवाय कितीतरी जाहिरातींना तिने उत्तर लिहिलं होतं, "नको, धन्यवाद." "पत्राला उत्तर देऊ नये का?" तिने विचारलं. "तुझ्या उत्तरावरून पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं आणि ते आणखी पाठवतात," मी म्हणाले. निवलेली कॉफी तिने बाजूला सारली. "मग मला शिकव," ती म्हणाली. ओळखीच्या दुकानांच्या यादीतून नाव काढायचं आणि अनोळखी मजकूर न उघडताच स्पॅममध्ये टाकायचा, एवढंच मी दाखवलं. पुढचे आठ दिवस ती रोज दुपारी तेच करत बसली. मग अनुवाद दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. त्यांचा नकार आला, तो तिने त्याच सकाळी वाचला आणि जेवणाआधी तिसऱ्याला पत्र लिहिलं. त्यांनी पुस्तक काढलं. आता निजामपुऱ्यातल्या एखाद्या दुकानात बिल करताना कुणी गुजरातीत "ईमेल लखावो ने, बेन", म्हणजे ईमेल लिहून द्या ना, असं म्हणालं, की मी "नथी लखाववो", नाही द्यायचा, एवढंच सांगते आणि पिशवी उचलते.