दोन लाईनी, एक पंप

लान्स नाईक दिगंबर पंप बंद पडल्यामुळे गेला, असे शिरपूर जैनच्या ध्वजारोहणात दरवर्षी भाषणातून सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. तो पंप मी चालवत होतो आणि तो शेवटपर्यंत चालू होता.

आम्ही दोघे एका दारूगोळा डेपोच्या फायर सेक्शनमध्ये होतो. मी हवालदार, पंप ऑपरेटर. तो शिरपूरच्या बागायतदार घरचा, होजचे तोंड धरणारा ब्रांचमन. सकाळी रोज ड्रिल असे: सक्शन पाईप टाकीत सोडायचा, पंपातली हवा काढायची, दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवायची.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी गवत पेटले आणि आग दारूगोळ्याच्या शेडकडे सरकली. पंपावर होजच्या दोन लाईनी होत्या. उजवी दिगंबरकडे, गवतात. डावी शेडच्या दारावर. आत तीन जवान पेट्या हलवत होते. टाकीतले पाणी उतरले. गेजचा काटा थरथरू लागला आणि डावी धार दारापर्यंत पोचेना. शेजारच्या रिसोडचे शहाणे आज मला विचारतात, इंजिनाची रेस का वाढवली नाही? रेस वाढवली असती तर पंपाने पाण्याऐवजी हवा ओढली असती आणि दोन्ही लाईनी कोरड्या पडल्या असत्या.

वायरलेस सेटवर सुभेदार साहेब म्हणाले, "शेड को प्रेशर दो."

पाणी एकाच लाईनला पुरणार होते. तेवढ्यात सेटवरच दिगंबर वऱ्हाडीत बोलला.

"दादा, मायी लाईन बंद कर."

"आधी तू मागं ये."

"येतो ना. तू कॉक फिरव. कायले वाट पाहून राह्यला? तिकडं पोरं हायेत."

मी उजवा व्हॉल्व्ह बंद केला. डाव्या धारेला जोर आला. तिघे बाहेर आले. वारा फिरला आणि आग गवतात त्याच्या बाजूला उलटली. दिगंबर आला नाही.

सेट ऐकणाऱ्यांत वऱ्हाडी समजणारा मी एकटा होतो. चौकशीत माझ्या शब्दाला दुजोरा देणारा कोणी नव्हता. गावाने मग आपल्याला सोयीचे तेच धरले: त्याची लाईन कोरडी होती, म्हणजे पंप बंद पडला. बंद पंपापुढे गेलेला माणूस दुर्दैवी ठरतो. दिगंबर दुर्दैवी नव्हता. आपल्या वाटणीचे पाणी त्याने स्वतः दुसऱ्यांना दिले.

रजेवर आल्यावर मी त्याच्या आईला हे सर्व सांगितले. ती वांग्यांत खुरपत होती. तिने एकच विचारले.

"त्याले भेव वाटलं का रे?"

"नाही, काकू. मले वाटलं. थो तर मलेच घाई करून राह्यला होता."

"तसाच होता थो," ती म्हणाली. खुरपे हातातच राहिले.