इतर राज्यातली मुलगी

परवा सांगलीत एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. यंत्रातून निघणाऱ्या तापलेल्या कागदांचा एक वास असतो, थोडा जळका आणि थोडा गोडसर. तो नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं. दुकानदाराला वाटलं असेल, बाई उगाच तडकल्या. त्याला काय सांगणार, की ह्याच वासाच्या कागदांपायी माझा एक अख्खा जुलै सडला होता? शेजारी एक मुलगी फायलीत कागद लावत होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि तिचे वडील मागून सांगत होते, "बाळा, गुणपत्रिका वर ठेव. साहेबांना आधी ती दिसली पाहिजे." साहेबांना! अहो, साहेबांना चहा दिसतो, घड्याळ दिसतं आणि जेवायची सुट्टी दिसते. जिभेवर आलेलं गिळलं. कुणी सांगून कुणाचे डोळे उघडतात थोडेच!

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झाले आणि साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांच्या घरात आईबरोबर राहायला आले. त्यांची शेवटची काही वर्षं मध्य प्रदेशात गेली, त्यामुळे माझी बारावी तिथली आणि फार्मसीची पहिली दोन वर्षंही तिथलीच. ते दोघं परत आले तेव्हा मी तिकडे वसतिगृहात राहिले. आणि मग त्याच हिवाळ्यात, कुणाला काही कळायच्या आत, आई गेली. आबा एकटे पडले. मी ठरवलं, तिसऱ्या वर्षाला बदली घेऊन सांगलीच्या कॉलेजात यायचं. शनिवारी दुपारची गाडी पकडली की संध्याकाळी घरी. रविवारी दोघांनी मिळून भाकरी थापायची, त्यांच्या वाकड्या आणि माझ्या त्याहून वाकड्या, आणि सोमवारी पहाटे परत. एवढंच मागणं होतं माझं, दोन वर्षांचे शनिवार-रविवार. लहानपणभर ह्या माणसाला मी रजेरजेनं भेटले होते.

पण कॉलेजच्या अर्जात एक रकाना होता, 'इतर राज्य', आणि बारावी तिकडची म्हणून त्यात मला ढकलण्यात आलं. खिडकीतले कारकून महाशय कागद चाळून म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुमी महाराष्ट्राचे हायसा. पोरगी न्हाई." आबांचं गाव साताऱ्याचं, आजोबांचं साताऱ्याचं, सातबाऱ्यावर आमची नावं, आणि पोरगी म्हणे न्हाई! "तिकडं तर हिला सगळे मराठी म्हणून चिडवायचे," आबा शांतपणे म्हणाले. कारकुनाला ह्यात फार गंमत वाटली. तो हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि मग कळलं की आधी इथल्या मुलांची यादी, मग जिल्ह्याबाहेरची, आणि सगळ्यांचं पोट भरून काही उरलं तर आमची. कधी, ते सांगता येणार नाही. "नंबर लिवून जावा. फोन करतो आमी." आबांनी नंबर लिहिला. आकडे असे घोटून काढले की जणू बढतीच्या परीक्षेला बसलेत. मग त्या पोराएवढ्या कारकुनाला ते "थँक यू, सर" म्हणाले. सर! मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती. डोंगर आडवा यायचा. फक्त मागच्या दाराच्या पायरीवर दोन काड्या दिसायच्या. आबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या पायरीवर बसायचे, मोबाईल मांडीवर ठेवून. वर्तमानपत्र तिथेच, चहा तिथेच. आणि गल्ली तर काय, पाहायलाच नको. दळण टाकायला निघालेल्या बाया मुद्दाम वळसा घालून येणार, "काय गं, झालं का ॲडमिशन?" आणि नाही म्हटलं की डोळ्यांत अशी काही तृप्ती दाटणार की दळण न दळताच पोट भरावं. कॉलेजच्या संकेतस्थळावर रोज तेच एक वाक्य, 'आपला अर्ज प्रक्रियेत आहे'. ह्या 'प्रक्रिया' शब्दाचा मला तेव्हापासून जो वीट आला तो आलाच. काहीही न करण्याला इतकं भारदस्त नाव दुसऱ्या कुठल्या देशात मिळत असेल असं वाटत नाही.

माझा मामा सांगलीच्या बाजारात हळदीचा व्यापार करतो. त्याचा फोन आला. "दाजी, फोनबिन कोन करत न्हाई हितं. तुमी येऊन व्हरांड्यात बसा. माझ्याकडं ऱ्हावा, पण रोज त्येंच्या डोळ्यांम्होरं ऱ्हावा." आबा म्हणाले, "त्यांनी फोन करतो म्हणून सांगितलंय." मी म्हटलं, मी एकटी जाते. तर म्हणाले, "रोज जाऊन उभं राहणं म्हणजे तुमचा शब्द खोटा आहे असं त्यांना तोंडावर सांगणं. असं करू नये." आणि मी, रागानं फणफणत, धुसफुसत, घरीच राहिले. गेले असते तर कोण अडवणार होतं मला? पण हे आज सुचतं.

फोन मामाचाच आला. सकाळी फळ्यावर चिठ्ठी लागली होती, इतर राज्यातल्या उमेदवारांनी अकरा वाजता हजर राहावं. जे व्हरांड्यात होते ते हजर झाले. दोन जागा होत्या, त्या भरल्या. माझे गुण त्या दोघांपेक्षाही जास्त होते. मामानं विचारलं तर कारकून म्हणाला, "आता हजर न्हाई त्याला आमी काय करनार?" फोनचं विचारलं, तर कुणाला आठवेच ना.

मी आबांवर तुटून पडले. मागच्या दारात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. म्हटलं, "जन्मभर हुकमाची वाट बघितलीत तुम्ही, म्हणून माणसं कळत नाहीत तुम्हाला. आई तुमची वाट बघण्यात संपली. आता माझीही वर्षं घालवलीत." ते उठून उभे राहिले. हात सरळ बाजूला. म्हणाले, "चूक झाली माझी." बस्स. भांडले असते तर बरं झालं असतं. मला त्या नम्रपणाचीही शिसारी आली.

मी परत मध्य प्रदेशात निघाले. साताऱ्याच्या माहुली स्टेशनवर त्यांनी माझी ट्रंक स्वतः चढवली. खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर." मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "करते."

नाही केला. पोचले, नाही केला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बसू दे म्हटलं. पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. "आगं, हायस कुठं तू? आबा पाच दिस झालं पायरी सोडंनात बग. जेवाय बोलावलं तर म्हनत्यात, पोरीचा फोन यायचाय. म्या म्हनलं, आवं, तुमीच लावा की. तर म्हनत्यात, ती करते म्हनालीया."

त्या कारकुनाला मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही. त्याच्या नावानं माझ्या पोटात जेवढा तिटकारा तेव्हा होता तेवढा आजही आहे, वर्षांनी त्यातला कणभरही झिजवला नाही. फक्त त्या दुपारी वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून मला कळलं, की कारकुनाच्या त्या खिडकीच्या आत आता त्याच्या शेजारी मीही बसलेय. मी नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"पोचलीस का?" आबांनी विचारलं.

"हो आबा," मी म्हटलं. "आत्ताच."

"बरं झालं," ते म्हणाले. "मग मी आत जातो आता."